एंगेजमेंटचं काम अंगावर आलंय? पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं

एमपीएम, एमएसडब्ल्यू किंवा एमबीए करून चाकण, भोसरी, रांजणगाव नाहीतर हिंजवडीत एचआरमध्ये रुजू झालात की दोन-तीन महिन्यांत साहेब म्हणतातच, "एंगेजमेंटचं आता तू बघ." म्हणजे लोकांचं मन कामात कसं लागेल, ते बघ. सोबत आधीच्या माणसाचं एक फोल्डर मिळतं. त्यात महिला दिनाचे फोटो, गणपती सजावट स्पर्धेचा निकाल, 'एथनिक डे'ची पोस्टरं आणि गेल्या वर्षीच्या सर्वेक्षणाचं लांबलचक प्रेझेंटेशन. शेवटच्या स्लाइडवर 'ॲक्शन प्लॅन' लिहिलेलं असतं आणि त्यातल्या एकाही ओळीपुढे ना कुणाचं नाव असतं, ना तारीख.

त्या फोल्डरचं पुढे काय करायचं, यासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस कामात मन घालतो की नाही, याचा त्याच्यासाठी वर्षात किती कार्यक्रम केले याच्याशी फारसा संबंध नसतो. त्याने काही सांगितलं तर उत्तर मिळतं का आणि किती दिवसांत मिळतं, याच्याशी असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी, आपण कशाबद्दल बोलतोय ते पक्कं करा

सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, उभा असलेला ऑपरेटर घ्या. दर पाचवा पार्ट गेजवर तपासायचा असा नियम आहे, तो तपासतो. हजेरी चांगली आहे, टार्गेटही निघतं. एक दिवस मशीनचा आवाज जरा वेगळा येतोय हे त्याच्या कानाला कळतं. पार्ट अजून मापात आहे. अशा वेळी तो मशीन थांबवून कुणाला सांगायला जातो, की शिफ्ट संपायला दीडच तास उरलाय म्हणून तसंच चालू ठेवतो? हे कुठल्याही वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये लिहून मिळत नाही. त्याचं त्यालाच ठरवायचं असतं, आणि कंपनीचं पुष्कळसं भलंबुरं अशाच ठिकाणी ठरतं.

विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली या विषयावरचा पायाभूत लेख लिहिला. उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका आर्किटेक्चर फर्ममधले कर्मचारी अशा दोन अगदी वेगळ्या ठिकाणी त्याने पाहिलं, की माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी आखडून घेतो. त्याला तीन अटी सापडल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर, या कामाला काही अर्थ आहे का, बोललो तर अंगाशी येणार नाही ना, आणि आज अंगात-डोक्यात तेवढं त्राण उरलंय का.

आता त्याच ऑपरेटरकडे परत बघा. आपला पार्ट गाडीच्या ब्रेकमध्ये बसतो हे त्याला कुणी कधी दाखवलंय का? मागच्या वेळी मशीन थांबवलं तेव्हा त्याला शाबासकी मिळाली की "आउटपुट कोण देणार, तुझा काका?" असं ऐकून घ्यावं लागलं? आणि ही त्याची सलग तिसरी डबल शिफ्ट तर नाही? तिन्हीतलं एक जरी बिघडलं तरी तो गप्प बसतो. तुम्ही कुठल्याही कंपनीत असा, लोक मागे का हटलेत ते शोधताना या तीन प्रश्नांनी सुरुवात केली की निम्मं निदान जाग्यावरच होतं.

समाधान आणि एंगेजमेंट यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडलं होतं, की पगार, सोयी, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो जीव ओतून काम करायला लागतोच असं नाही. कॅन्टीनची भाजी पाणचट निघाली तर बोंब होणार आणि व्हायलाच हवी. पण भाजी चांगली निघाली म्हणून कुणी मशीनचा आवाज कळवायला उठत नाही. भाजी सुधाराच, फक्त ती एंगेजमेंटच्या खात्यात मांडू नका.

पहिले पंधरा दिवस: लॅपटॉप बंद, तिन्ही शिफ्टना हजेरी

नवीन एचआरवाला जनरल शिफ्टला येतो, जनरल शिफ्टलाच जातो आणि कंपनी तेवढीच आहे असं धरून चालतो. सेकंड शिफ्टला रात्रीच्या जेवणाला कॅन्टीनमध्ये जाऊन बसा. पहाटे स्टाफ बसमधून एक फेरी मारा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमच्याकडेही तसं असेल तर बुधवारची सेकंड शिफ्ट आणि शुक्रवारची फर्स्ट मुद्दाम बघा. सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लाइनवर कोण असतं, कोण नसतं, यावरून पुष्कळ कळतं.

काय बघायचं? कॅन्टीनमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं. कायम कामगार, ट्रेनी आणि कंत्राटी कामगार यांची ताटं वेगळी, की रांगाही वेगळ्या? सुपरवायझर लाइनवर आला की गप्पा थांबतात की चालू राहतात? नवीन पोरगं अडलं की ते कुणाकडे बघतं? सजेशन बॉक्स असेल तर त्याच्या कुलपाकडे नजर टाका. कुलूप गंजलेलं असेल आणि किल्ली कुणाकडे आहे हे सांगायला कुणी पुढे येत नसेल, तर गेल्या वर्षीचा सर्व्हे स्कोअर कितीही असो, तो बाजूला ठेवा.

वही जवळ ठेवा, पण समोरच्याच्या तोंडावर लिहू नका. एचआरचा माणूस काहीतरी लिहून घेतोय म्हटलं की लोकांना चौकशीच आठवते. गाव कुठलं, इकडे कधी आलात, खोली कुठे घेतली, यावर बोला. लातूर, नांदेड, बीड, बुलढाणा, नाहीतर थेट उत्तर प्रदेश-बिहार. चाकणच्या लाइनवर अर्धा देश उभा असतो. कुणाच्या गावची जत्रा चैत्रात, कुणाची पेरणी जूनमध्ये, कुणाची छठ दिवाळीनंतर. याची एक यादी करून ठेवा. पुढे खाडे मोजायला बसाल तेव्हा ती कामी येते.

दुसरी पायरी: कंपनीकडे असलेलेच आकडे उचला

कंपनी नीट चालली आहे की नाही, हे नफ्यातोट्याच्या पत्रकावर फार उशिरा दिसतं. त्याआधी ते इतर ठिकाणी उमटतं. माल वेळेवर गेला का, ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचा पीपीएम (दहा लाख नगांमागे खराब नग) किती, रिवर्क म्हणजे पुन्हा करावं लागलेलं काम किती, अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग किती, नवं मॉडेल लाइनवर आलं तेव्हा घडी बसायला किती आठवडे लागले. हे आकडे क्वालिटी, प्रॉडक्शन आणि सेफ्टीकडे तयार असतात. तुमच्याकडे हजेरी, खाडे, ओटी (ओव्हरटाइम) आणि सोडून गेलेल्यांची नोंद असते. हे दोन ढीग कधी शेजारी ठेवलेले नसतात. तुम्ही ते ठेवा.

ठेवताना डिपार्टमेंटची सरासरी काढू नका. सुपरवायझरप्रमाणे आणि शिफ्टप्रमाणे फोड करा. प्रेस शॉपचे खाडे आठ टक्के म्हटल्याने काही कळत नाही. एकाच प्रेस शॉपमध्ये एका सुपरवायझरकडे पाच आणि दुसऱ्याकडे बारा टक्के असतील, तर तिथून चौकशी सुरू होते. मशिनं तीच, पगार तोच, कॅन्टीन तेच. मग फरक कशाचा?

सर्वांत बोलका आकडा म्हणजे पहिल्या नव्वद दिवसांत सोडून गेलेले. त्याची किंमत कुणी मांडत नाही, म्हणून तुम्ही मांडा. समजा, चाळीस जणांच्या लाइनवरून वर्षभरात पंधरा ट्रेनी पहिल्या तीन महिन्यांतच गेले. प्रत्येकाला शिकवायला एका जुन्या ऑपरेटरचे रोज दोन तास, असे पंधरा दिवस गेले असतील, तर ४५० तास झाले. म्हणजे आठ तासांच्या छप्पन्न शिफ्टा नुसत्या शिकवण्यात गेल्या, आणि शिकलेला माणूस आज शेजारच्या कंपनीत काम करतोय. रिजेक्शन, पीपीई (सुरक्षेची साधनं), मेडिकल वगैरे अजून यात धरलेलंच नाही. प्लँट हेडपुढे 'एंगेजमेंट स्कोअर ३.८' ठेवला तर ते चहा पीत मान हलवतात. छप्पन्न शिफ्टा ठेवल्या तर कप खाली ठेवतात.

इथे एक सावधगिरी हवी. जेम्स हार्टर, फ्रँक श्मिट आणि थिओडोर हेज यांनी २००२ मध्ये ३६ कंपन्यांमधल्या ७,९३९ युनिटांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांचं समाधान-एंगेजमेंट जिथे जास्त, तिथे ग्राहकांचं समाधान, उत्पादकता आणि नफा जास्त, आणि सोडून जाणारे व अपघात कमी, असा संबंध त्यात दिसला. संबंध खरा आहे, पण तो सगळा एकाच दिशेने जातो असं समजू नका. ऑर्डर भरपूर, माल वेळेवर जातोय, ग्राहक खूश, अशा लाइनवर लोकही खुशीत असतात. तेव्हा "स्कोअर दहा टक्क्यांनी वाढवला की नफा अमुक टक्क्यांनी वाढेल" असं कुणी कन्सल्टंट सांगायला लागला, तर त्याला नम्रपणे दुसरा चहा द्या.

तिसरी पायरी: विचारा, पण थोडकं विचारा

साठ प्रश्नांचा सर्व्हे भरताना विसाव्या प्रश्नानंतर माणूस सरळ एका रांगेत टिका मारत सुटतो. दहा-बारा प्रश्न पुरे. गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचा बारा प्रश्नांचा संच प्रसिद्ध आहे, पण त्यावर त्यांचा कॉपीराइट आहे. जसाच्या तसा उचलू नका, आपले प्रश्न आपण लिहा.

प्रश्न घडलेल्या गोष्टीविषयी असावा. "मला माझ्या कंपनीचा अभिमान वाटतो" याला सगळे हो म्हणतात, कारण नाही म्हणायला कुणाला आवडत नाही. त्याऐवजी असं विचारा: "गेल्या महिन्याभरात सुपरवायझरने तुमच्या एखाद्या कामाला चांगलं म्हटलं का?" "तुम्ही शेवटची सांगितलेली अडचण सुटली का? नसेल, तर का नाही ते कुणी सांगितलं का?" "चूक झाली तर ती लपवावी असं वाटतं का?" "तुम्ही बनवता तो पार्ट कुठल्या गाडीत, कुठे बसतो हे तुम्हाला माहीत आहे का?" "घरी गेल्यावर घरच्यांशी बोलायला त्राण उरतं का?" कानच्या तिन्ही अटी यात आल्या आहेत, आणि उत्तर वाचल्यावर पुढे काय करायचं तेही कळतं. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. "सुपरवायझर आणि मॅनेजमेंट माझं ऐकतात" याला काय उत्तर द्यायचं? एक ऐकतो, दुसरं ऐकत नाही.

मराठी आणि हिंदी दोन्हीत छापा. इंग्रजी फॉर्मचं भाषांतर करून नको; लाइनवरच्या दोघातिघांना वाचायला द्या आणि ते कुठे अडखळतात ते बघा. शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी असेल तर क्यूआर कोडचा उपयोग नाही. कागद, पेन आणि बंद पेटी. भरताना सुपरवायझर खोलीत नसावा, तुम्हीही दाराबाहेर थांबा. फॉर्मवर टोकन नंबर मागू नका. आणि दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचा निकाल वेगळा काढू नका. सहा जणांच्या टूल रूममध्ये 'एकाने असं लिहिलं' म्हटलं की तो एक कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

वेळ जपा. बोनसच्या तोंडावर, इन्क्रिमेंटची पत्रं वाटल्यावर लगेच, किंवा युनियनशी कराराची बोलणी चालू असताना सर्व्हे घेतलात तर उत्तरं बोनस, इन्क्रिमेंट आणि कराराची येतात.

आता कंत्राटी कामगारांचं. पुष्कळ कंपन्यांत लाइनवरचे निम्मेअधिक हात त्यांचे असतात आणि सर्व्हेत ते नसतातच. विचारलं तर उत्तर येतं, की लीगलने सांगितलंय, त्यांना आपल्या उपक्रमात घेऊ नका, उद्या ते आपलेच कामगार ठरतील. ही भीती अगदीच पोकळ नाही, कारण प्रत्यक्ष देखरेख कुणाची, हा मुद्दा कोर्टात निघतो. पण म्हणून त्यांना आंधळ्या कोपऱ्यात ठेवणंही परवडत नाही. वाट अशी काढा: ठेकेदाराच्या सुपरवायझरमार्फत सुरक्षा, बूट-हातमोजे, पाणी, बस आणि पगाराची तारीख एवढ्याच गोष्टी विचारा. पगार वेळेवर होतो की नाही याची खातरजमा करणं हे तर मूळ मालकाचं, म्हणजे तुमच्या कंपनीचं, कर्तव्यच आहे, त्याला सर्व्हेची गरज नाही.

चौथी पायरी: सुपरवायझर. इथेच जास्त वेळ घाला

एखाद्या टीमच्या एंगेजमेंटमध्ये जो फरक पडतो त्यातला किमान ७० टक्के तिच्या मॅनेजरमुळे पडतो, असा गॅलपचा अंदाज आहे. नेमका आकडा वादाचा असू शकेल. पण कुठल्याही शिफ्टच्या गेटवर उभं राहून विचारा, "कंपनी कशी आहे?" उत्तर येईल, "आमचे साहेब चांगले आहेत" किंवा "साहेबांचं काही विचारू नका." कंपनी म्हणजे त्यांच्या दृष्टीने तोच एक माणूस असतो.

आणि हा माणूस सुपरवायझर झाला कसा? बहुधा तो सगळ्यात चांगला ऑपरेटर किंवा सेटर होता. डिप्लोमा होता, जागा निघाली, झाला. मशीन कसं सांभाळायचं ते त्याला येत होतंच, माणसं कशी सांभाळायची ते कुणी शिकवलं नाही. वरून प्रॉडक्शन मॅनेजर तासातासाला आकडा मागतो, खालून रजा, ओटी, भांडणं. गॅलपच्याच २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात एंगेज्ड कर्मचारी २१ टक्क्यांवर आले, आणि त्याच वर्षात मॅनेजरांमधलं प्रमाण ३० वरून २७ टक्क्यांवर घसरलं. ज्याच्यावर सगळी भिस्त, तोच दमलेला आहे. त्यामुळे त्याला दोषी ठरवून सुरुवात केलीत तर पहिल्याच दिवशी दार बंद. उलट त्याच्या डोक्यावरचं एक ओझं आधी कमी करा. हजेरीची तीच माहिती तो तीन रजिस्टरांत लिहीत असेल, तर दोन बंद करून द्या. मग तो तुमचं ऐकेल.

त्याला शिकवायच्या गोष्टी तीनच. मोठा लीडरशिप प्रोग्राम नंतर बघू.

पहिली, शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं. बहुतेक ठिकाणी टूलबॉक्स टॉक होतोच, पण तो एकतर्फी असतो. कालचं रिजेक्शन, आजचं टार्गेट, हेल्मेट घाला, चला. त्यातली शेवटची तीन मिनिटं लोकांची ठेवायची. "काल काय अडलं?" असं विचारायचं आणि गप्प राहायचं. पहिले आठ दिवस कुणीच बोलणार नाही. ती शांतता सोसायची तयारी त्याला आधीच द्या, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी विचारणं सोडून देईल.

दुसरी, नावानिशी श्रेय. "लाइनने चांगलं काम केलं" हे हवेत जातं. "गजाननने काल लोकेटिंग पिन झिजलेली वेळेत दाखवली, नाहीतर पूर्ण लॉट गेला असता" हे राहतं. मॅनेजरपुढे सांगितलं तर आणखी राहतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, रजा नाकारणं. मान्य करायला काहीच लागत नाही, कसब नाकारण्यात आहे. हा प्रसंग सगळीकडे घडतो:

"साहेब, आषाढीला चार दिवस पाहिजे होते. आईला पंढरपूरला न्यायचंय."

"बघू."

"तिकिटं काढायची होती, म्हणून—"

"अरे बघू म्हटलं ना!"

तो पोरगा चार दिवस वाट बघतो, मग न सांगता दांडी मारतो. आल्यावर मेमो मिळतो. सुपरवायझर म्हणतो, या पोरांना जबाबदारी नाही. पोरगा म्हणतो, इथे माणसाला किंमत नाही. दोघांचंही आपापल्या जागी खरं. आता तेच दुसऱ्या प्रकारे:

"चार जमणार नाही रे. विठ्ठल आणि सोमनाथने आधीच अर्ज दिलाय, तिघं एकदम गेलात तर वेल्डिंग बंद पडेल. दोन दिवस आत्ताच लिहून देतो. तिसऱ्याचं सोमनाथशी बोलून शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सांगतो."

रजा निम्मीच मिळाली, पण उत्तर मिळालं, कारण कळलं आणि पुढची तारीख मिळाली. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरने खरंच सांगितलं, मग उत्तर 'नाही' असलं तरी, तर तो पोरगा पुढच्या वेळी दांडी मारण्याआधी दोनदा विचार करेल. सुपरवायझरांना समोरासमोर बसवून हा संवाद चार-पाचदा म्हणून घ्या. सुरुवातीला हसतील. हसू द्या.

पाचवी पायरी: उत्तरांचा फळा

सर्व्हेतून, टूलबॉक्स टॉकमधून, पेटीतून जे आलं ते कुठे जातं हे लोकांना दिसलं पाहिजे. कॅन्टीनच्या वाटेवर एक पांढरा फळा लावा, चार रकाने आखा: काय सांगितलं, कोण बघतंय, कधीपर्यंत, काय झालं. नोंदी अशा दिसतात:

"शेड दोनच्या कूलरला गरम पाणी येतं. मेंटेनन्स. शनिवारपर्यंत. कॉम्प्रेसर बदलला."

"रात्रपाळीची बस चिखलीत आतपर्यंत न्या. ॲडमिन. २० तारखेपर्यंत. जमणार नाही, फेरीला पंचवीस मिनिटं वाढतात, पुढच्या लोकांना घरी जायला उशीर होतो. चौकात दिवे लावण्यासाठी महापालिकेला पत्र दिलं."

दुसरी नोंद पहिलीपेक्षा मोलाची आहे. नकार कारणासकट चारचौघांत लिहिला गेला की लोकांचा फळ्यावर विश्वास बसतो. सगळ्यालाच 'हो, विचाराधीन' लिहिलं की आठवड्याभरात तो फळा वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी वापरला जातो.

सूचनांचंही हेच. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली आणि नंतर जगभर तिच्या नकला झाल्या. नक्कल करणाऱ्यांनी बक्षिसाची रक्कम घेतली, वेग घेतला नाही. समजा, एखाद्या ऑपरेटरने सुचवलं, की बिनमधून पार्ट उचलायला दर वेळी कमरेत वाकावं लागतं, बिनखाली स्टँड द्या. ही सूचना काइझेन (छोट्या सुधारणांचा) फॉर्म, समिती, मूल्यमापन, त्रैमासिक बैठक अशी फिरली तर स्टँड पावसाळ्यानंतर येईल. मेंटेनन्सवाल्याने भंगारातल्या अँगलचं स्टँड त्याच आठवड्यात जोडून दिलं, मग ते वाकडं का असेना, तर पुढच्या आठवड्यात तीन सूचना जास्त येतात. पाचशे रुपयांचं व्हाउचर नंतर दिलं तरी चालेल.

एक आकडा मात्र दर महिन्याला काढा: सांगितल्यापासून उत्तर मिळेपर्यंत सरासरी किती दिवस लागले. तुमच्या कामाचं खरं मोजमाप मला विचाराल तर हाच.

हिंजवडी-खराडीवाल्यांसाठी थोडंसं

आयटीत फळा, पेटी लागत नाही, पण दुखणं तेच. मॅनेजर बंगळूरला किंवा परदेशात, टीम इथे, आणि बोलणं फक्त स्टेटस कॉलवर. आठवड्याला अर्धा तास दोघांचं बोलणं, ज्यात टिकीट आणि डेडलाइनचा विषय काढायचाच नाही, एवढं एक पाळलं तरी फरक पडतो. ते सलग दोनदा रद्द झालं तर तिसऱ्यांदा होणारच नाही असं धरा.

ऑफिसला बोलावणार असाल तर ज्या दिवशी टीम एकत्र बसणार आहे त्याच दिवशी बोलवा. वाकडच्या पुलाखालून तास-सव्वा तास घासत आलेल्या माणसाने इथे येऊन दिवसभर हेडफोन लावून बंगळूरशी बोलायचं असेल, तर त्याला का बोलावलं याचं उत्तर तुमच्याकडेही नसतं. बेंचवरच्या, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेल्या, लोकांना दर आठवड्याला खरी स्थिती सांगा. आणि एक्झिट इंटरव्ह्यूवर फार विसंबू नका, जाणारा माणूस रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत गोडच बोलतो. त्यापेक्षा दोन वर्षं टिकलेल्यांना विचारा, का थांबलात?

कार्यक्रम बंद करायचे का?

नाही. पण चाळणी लावा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला कारखान्यात मशिनांची पूजा होते ती बघा. ऑपरेटर स्वतः आपलं मशीन पुसतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो, कित्येक जण बायकापोरांना आणून 'हे माझं मशीन' म्हणून दाखवतात. त्या दिवशी एचआरने बॅनर लावून भाषण ठेवलं नाही तर फार बरं होईल. लोकांनी स्वतः उचललेला कार्यक्रम टिकवा, सक्तीने हजेरी लावावी लागते तो सोडा.

जे तुमच्या हातात नाही

शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात दुपटीचा फरक असेल, तर कुठलाही फळा तो झाकू शकत नाही. सर्व्हेत ते येणारच. आलं की वर जसंच्या तसं पोचवा, गाळू नका. 'सुधारणेच्या संधी' वगैरे शब्दांत गुंडाळू तर मुळीच नका.

युनियन असेल तर पहिल्या आठवड्यातच पदाधिकाऱ्यांना भेटा आणि प्रश्नावली त्यांना दाखवा. एंगेजमेंट म्हणजे युनियनला वळसा घालायची वाट, असा समज एकदा झाला की पेटीत कोरे कागद येतात. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्यानेच लागते. दुसरी २०१३ च्या कायद्यापासून. छळाची तक्रार सर्व्हेच्या कागदावर आली तर ती फळ्यावर लिहायची नसते. त्या समितीकडे कसं जायचं, सदस्य कोण, हे सगळ्यांना दिसेल असं लावा.

आणि थकवा. डेमेरूटी, बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेलं मॉडेल साधं आहे: कामाचा रेटा एका बाजूला, तो पेलायला मिळणारी साधनं आणि आधार दुसऱ्या बाजूला. रेटा वाढत राहिला आणि आधार तेवढाच राहिला की मन लावून काम करणारासुद्धा थकून कोसळतो. म्हणून ओटीच्या यादीत दर महिन्याला तीच ती नावं वर दिसत असतील तर कौतुक करण्याआधी त्यांची सुट्टी शेवटची कधी झाली ते बघा.

सहा महिन्यांनी साहेबांपुढे काय ठेवायचं

एक पान. चाळीस स्लाइड नकोत. वर दोन लाइनींची तुलना: ज्या सुपरवायझरांबरोबर काम केलं त्यांची आणि ज्यांच्याबरोबर अजून सुरू केलं नाही त्यांची. नव्वद दिवसांत सोडून गेलेले, न सांगता केलेले खाडे, रिवर्क, आणि उत्तर मिळायला लागलेले सरासरी दिवस. पहिल्या महिन्यातली सुधारणा मोजू नका. कुणीतरी लक्ष देतंय म्हटलं की आकडे थोडे सुधारतातच. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून जे प्रयोग झाले त्यांचा अर्थ काय यावर अजून वाद आहे, पण एवढी सावधगिरी त्यातून घ्यायला हरकत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्याचे आकडे दाखवा, आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी जुळवा, नाहीतर जत्रा आणि पेरणीचे खाडे तुमच्या माथी येतील.

पानाच्या खालच्या बाजूला साहेबांनीच सोडवायच्या तीन गोष्टी लिहा, प्रत्येकीपुढे तारीख आणि साहेबांचं नाव. सही घ्या. त्या पानाची एक प्रत त्याच दुपारी फळ्यावर लावायची परवानगी मागा. मिळाली नाही, तर का नाही ते विचारा आणि उत्तर कधी मिळेल तेही विचारून घ्या.